मारबतीपासून मॉरिशसपर्यंत

आमच्या नागपुरात वर्षभराची पीडा गावाबाहेर काढायची रीतसर सोय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, काळी आणि पिवळी अशा दोन मारबती, म्हणजे बायकांचे पुतळे, इतवारी-महालातून मिरवत निघतात. मागून बडगे, तेही पुतळेच. ज्याला जे नकोसं झालं असेल ते त्याने मारबतीच्या गळ्यात घालायचं. कुणी तिला महागाई न्यायला सांगतो, कुणी डेंग्यू, कुणी एखादा पुढारी. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना जाऊन मिळालेली बांकाबाई भोसले, असं जुने लोक सांगतात. खरंखोटं इतिहासकारांनी पाहावं. आम्हाला एवढंच ठाऊक, की एकोणिसाव्या शतकापासून नागपूरकर त्या दिवशी घसा फुटेस्तोवर ओरडतो आणि मग वर्षभर पुन्हा सगळं सोसतो.

त्या गर्दीत माझा भाचा मोबाइल उंच धरून उभा होता. जन्म न्यू जर्सीचा, वय तेवीस, मराठी कानाला बरी पण क्रियापदं डगमगणारी. शेजारी माझी ताई. एक मोठा बडगा समोरून गेला तशी ती जोरात म्हणाली, "माझ्या पासपोर्टची कटकट पण ने गं बाई!" बाजूच्या काकूंनी तिच्याकडे पाहिलं. "कायले एवढं टेन्शन घेऊन राहिली वं?" असं म्हणून त्यांनी आपला चिवड्याचा पुडा पुढे केला. नागपुरात अनोळखी माणसाचं दुःख विचारायला ओळख लागत नाही.

कटकट अशी, की आम्ही तिघं गणपतीला मॉरिशसला निघालो होतो आणि ताईच्या अमेरिकन पासपोर्टची मुदत जेमतेम साडेचार महिने उरली होती. धरमपेठेतल्या तिकिटवाल्याने तारीख पाहून जीभ चावली. सिंगापूर असो, इंडोनेशिया असो, अमिराती असोत, बरेच देश दारात आलेल्या माणसाकडे किमान सहा महिने शिल्लक मागतात. युरोपातल्या शेंगेन देशांचा हिशेब आणखी वेगळा: परतीच्या दिवसापासून पुढे तीन महिने, शिवाय पासपोर्ट दहा वर्षांच्या आत निघालेला हवा. पासपोर्टवर एक तारीख छापलेली असते आणि प्रत्यक्षात तो त्याच्या बराच आधी निकामी होतो. यामागचं कारण समजण्यासारखं आहे. पाहुणा आजारी पडला, अडकला, तर त्याच्याकडे परत जाण्याजोगं पुस्तक असावं. पण ज्याचं विमान चार दिवसांवर आहे त्याला कारणं ऐकून बरं वाटत नाही. नवं पुस्तक करायचं तर अर्ज मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत धाडायचा आणि आठवडे मोजत बसायचं. ताईने परतीच्या तिकिटाच्या तीन प्रती काढल्या, हॉटेलच्या पावत्या काढल्या आणि "बघू" म्हणून बॅग भरली.

माझा पासपोर्ट मात्र कोरा करकरीत होता. 2024 मध्ये चिप असलेले ई-पासपोर्ट देशात ज्या शहरांतून प्रथम द्यायला सुरुवात झाली त्यांत नागपूर होतं. मुखपृष्ठावर खाली एक छोटंसं सोनेरी चिन्ह, मधे टिकली असलेल्या आयतासारखं. बाकी तोच निळा रंग, तोच सिंह, छपाई तीच नाशिकची. ताईने तो हातात घेऊन उलटसुलट केला. तिच्या पर्समध्ये तिचा जुना भारतीय पासपोर्ट असतो, एक कोपरा कापलेला, रद्दचा शिक्का मारलेला. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं त्या वर्षी तो जमा करावा लागला आणि असा होऊन परत आला. त्याचा आता कुठेही उपयोग नाही. तरी ती तो घरी ठेवत नाही, बरोबर वागवते. मी कारण विचारलं नाही.

सोनेगावच्या विमानतळावर वाट पाहताना मी भाच्याला बाबांकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. 1949 साली देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार टोकांवरून निघालेली विमानं मध्यरात्री नागपुरात उतरत. धावपट्टीशेजारी थैल्यांची अदलाबदल होई आणि ज्याची त्याची टपाल घेऊन चारही विमानं आपापल्या गावी परत. दिवसा नागपूर झोपाळू, रात्री मात्र अख्ख्या देशाची पत्रं इथे एकमेकांना ओलांडत. भाच्याला गोष्ट आवडली. त्याने विचारलं, "म्हणजे हब?" हो बाबा, हब.

या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आहे, आणि आम्हा तिघांना तीन प्रकारचे कागद का बाळगावे लागतात याचं मूळही त्यांच्याच कामात आहे. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवत असे. मुलांना कंटाळा येई आणि मला राग. संविधान सभेत 10 ते 12 ऑगस्ट 1949 असे तीन दिवस नागरिकत्वाच्या कलमांवर वाद झाला. एखादं कलम सोडलं तर मसुदा समितीचं डोकं इतकं दुसऱ्या कशानेच दुखवलं नाही, असं आंबेडकर तेव्हा म्हणाले होते. आणि त्या मसुद्यावर सगळ्यात तिखट बोलणारे कोण, तर आमच्या वऱ्हाडातले पंजाबराव देशमुख. त्यांचं म्हणणं, असं नागरिकत्व जगात सगळ्यात स्वस्त ठरेल. त्यांनी दिलेलं उदाहरण मी वर्गात नेहमी सांगायचे: एक परदेशी जोडपं विमानाने जाताना मुंबईत काही तास थांबतं, बाई तिथेच बाळंत होते, आणि तेवढ्यावर ते मूल भारताचं नागरिक! सभेने पंजाबरावांचं ऐकलं नाही. जन्माने नागरिकत्वाचं ते दार पुढे 1987 मध्ये आवळलं गेलं आणि 2004 मध्ये आणखी. दुसरी बाजू मात्र पहिल्या दिवसापासून घट्ट आहे. आपखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. संविधानाचं नववं कलम ते सांगतं आणि 1955 चा कायदाही.

भाचा म्हणाला, "म्हणजे मी त्या मुंबईच्या बाळासारखाच. फक्त न्यूअर्कमध्ये." उदाहरण त्याला नेमकं लागू पडलं. आईवडील तिथे नोकरीला, त्यांचे व्हिसे तात्पुरते, आणि हा जन्मतःच अमेरिकन. भारतासाठी त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे आजन्म व्हिसा. आजन्म असला तरी निश्चिंत नव्हे. विसाव्या वर्षानंतर नवा पासपोर्ट काढला की ते कार्ड एकदा नव्याने करून घ्यावं लागतं. त्याने ते गेल्या वर्षी केलं. ताईने करवून घेतलं म्हणणं जास्त खरं.

मुंबईला काउंटरवरच्या मुलीने ताईच्या पासपोर्टवरची तारीख पाहिली आणि बोटांची पेरं मोजायला लागली. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. संगणकाशी बोलली, वरिष्ठांशी बोलली, परतीचं तिकीट मागितलं. ताईने तिन्ही प्रती पुढे सरकवल्या. पुढे इमिग्रेशनला आमची फाटाफूट झाली, मी भारतीयांच्या रांगेत, ती दोघं पलीकडच्या. माझ्याच आईच्या पोटची बहीण काचेपलीकडे परकी म्हणून उभी. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. ती भाच्याला शर्टाची कॉलर नीट करायला सांगत होती.

मॉरिशसला उतरलो आणि गंमत झाली. तिथे आम्ही तिघं एकाच रांगेत, परदेशी. भारतीय पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, अमेरिकनलाही नाही. माझ्या पासपोर्टाला अशी बरोबरी फारशी कुठे मिळत नाही, तेव्हा मी ती पुरेपूर उपभोगली. अधिकारी बाईंनी ताईचं परतीचं तिकीट पाहिलं, तारखेवर नजर टाकली, शिक्का मारला. एवढ्यासाठी बिचाऱ्या मारबतीला कामाला लावलं होतं!

विमानतळाला सर शिवसागर रामगुलाम यांचं नाव आहे. हे गृहस्थ नागपूरला येऊन गेलेत, हे आज नागपुरात किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे. जानेवारी 1975 मध्ये पहिलं विश्व हिंदी संमेलन आमच्याकडे भरलं तेव्हा मॉरिशसचे पंतप्रधान म्हणून ते प्रमुख पाहुणे होते. दुसरं संमेलन पुढच्याच वर्षी त्यांनी पोर्ट लुईला भरवलं. आम्हाला न्यायला आलेल्या सरांना मी हे सांगितलं तर त्यांना ते माहीत होतं, वर त्यांनी 10 जानेवारी ही तारीखही सांगितली. सर तिथल्या सरकारी शाळेत मराठी शिकवतात. वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात एका कार्यक्रमाला आले असताना आमची ओळख झाली आणि "गणपतीला या" हे आमंत्रण मी शब्दशः धरलं.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. ऑगस्टमध्ये तिथे हिवाळा आणि तोडणीचे दिवस. वाऱ्याने अंगावर काटा येत होता. नागपुरात संक्रांतीला असतो तसा गारवा. उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे मोठाले ढीग उभे आहेत, काही घराएवढे. मला वाटलं काही जुनी स्मारकं असतील. सर म्हणाले, ज्वालामुखीचे दगड, जमीन मोकळी करताना मजुरांनी हातांनी वेचून रचलेले. मग पुढचे कितीतरी मैल मी ते ढीगच बघत राहिले. घरं काँक्रीटची, सपाट छपरांची, कारण चक्रीवादळं. बऱ्याच गच्च्यांवर लोखंडी सळ्या तशाच उभ्या, मुलाच्या लग्नानंतर वरचा मजला चढवायला. ही सवय नागपूरचीच, त्यामुळे मला एकदम घरी आल्यासारखं झालं. अंगणात महावीर स्वामींचं, म्हणजे मारुतीचं, छोटं देऊळ आणि बांबूवर लाल झेंडी दिसली की भोजपुरी मुळाचं घर समजायचं.

पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात आम्ही ढोल पुरी खाल्ली. डाळ भरलेली मऊ पातळ पोळी, दोन-दोनच्या जोडीने. मधे वालाची भाजी, टोमॅटोचा रस्सा, हिरवी मिरची, आणि सगळं कागदात गुंडाळून उभ्याउभ्या खायचं. पुरणपोळीचीच कुणीतरी दूरची बहीण, गुळाशी फारकत घेतलेली. मला तिखट लागलं नाही. सावजीचा रस्सा पिऊन वाढलेल्या जिभेला जगात फार कमी ठिकाणी तिखट लागतं, हे मी अहंकाराने सांगते. ढोल पुरीवाल्याने ताईला फ्रेंचमध्ये विचारलं, मला हिंदीत आणि भाच्याला इंग्रजीत. आमच्या कपड्यांवरून त्याने आमचे पासपोर्ट ओळखले. सरांशी तो क्रिओलमध्ये बोलला. ती त्या बेटाची खरी भाषा, आणि घरात मराठी किती उरली हे विचारलं की सर हसून तिच्याकडेच बोट दाखवतात.

एक गोष्ट मात्र मला जमली नाही. तिथे दुकानात शिरताना आधी "बोंझूर" म्हणायचं, मग वस्तू मागायची. मी आपली सीताबर्डीच्या सवयीने थेट "हे कितीला?" दोनदा दुकानदारिणीने मला थांबवून, हसून, आधी बोंझूर म्हणायला लावलं. आणि संध्याकाळ झाली की सगळं शहर मिटतं. ऑफिसं सुटली, बस भरल्या, रस्ते रिकामे. बर्डीवर ज्या वेळेला पाय ठेवायला जागा नसते त्या वेळेला पोर्ट लुईत कुत्रंही दिसत नाही. लोक घरी जातात आणि घरीच राहतात. पाहुण्याला आग्रहही बेताचाच. आमच्याकडे नको म्हटलं की ताटात आणखी एक वाढतात, तिथे नको म्हटलं की खरंच वाढत नाहीत. पहिल्या रात्री मी त्यामुळे अर्धपोटी झोपले.

बंदरावर आप्रवासी घाट आहे. मोठा काही नाही. दगडी खोल्यांचे अवशेष, दवाखान्याची जागा, आणि पाण्यापासून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. 2 नोव्हेंबर 1834 ला 'ॲटलस' जहाजातून गिरमिटियांची, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांची, पहिली तुकडी आली, आणि पुढच्या सात-आठ दशकांत साडेचार लाखांहून जास्त माणसं या बेटावर उतरली. बहुतेक बिहारकडची, मद्रासेकडची. मुंबई बंदरातून आलेल्यांत कोकणातली. 2006 मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा ठरवली. भाचा पायऱ्या मोजत चढला आणि वर पोचल्यावर त्याने विचारलं, "इथे इमिग्रेशन होतं? लाइन लागायची?" हो. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा. मग नंबर. तो नंबर मरेपर्यंत.

मोकाला महात्मा गांधी संस्थेत या नोंदींची जाडजूड बाडं जपून ठेवली आहेत आणि त्यांबरोबर फोटोही. फोटोंची हकीकत सरांनी सांगितली तेव्हा मी खुर्चीत सरळ झाले. 1867 च्या कामगार कायद्याने करार संपलेल्या 'जुन्या' मजुरांवर एक पास बाळगायची सक्ती केली, पासावर त्याचा फोटो. आपल्या बापजाद्यांपैकी कुणी त्या काळात फोटो काढून घेतला असेल? हे शेतमजूर मात्र कॅमेऱ्यासमोर बसवले गेले, ओळख पटावी आणि पळून जाऊ नयेत म्हणून. पास जवळ नसेल तर भटक्या म्हणून अटक. जिल्ह्याबाहेर गेला तर अटक. पास हरवला तर नव्यासाठी पैसे, आणि पैसे मिळवायला पुन्हा मळ्यावर करार. लोकांनी 1871 मध्ये अर्ज केला, त्यात अदॉल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका गोऱ्या माणसाने साथ दिली, आणि मग शाही आयोग नेमावा लागला.

सरांनी आपल्या खापरपणजोबांच्या नोंदीची प्रत मला दाखवली. पाच फूट दोन इंच. डाव्या भुवईवर व्रण. वय वीस. जिल्हा रत्नागिरी, आणि गावाचं नाव इंग्रज कारकुनाने कानावर पडेल तसं लिहिलेलं. फोटोतला माणूस तरुण, गळ्याचं हाड वर आलेलं. डोळे कॅमेऱ्याच्या किंचित वर कुठेतरी. त्याला बहुतेक कुणीतरी तिथे बघ म्हणून सांगितलं असावं. पासपोर्टच्या फोटोला आपणही असेच बघतो.

आणि आता हाच कागद सरांना हवा होता, ओसीआय कार्डासाठी. बहुतेक देशांत हे कार्ड भारतीय माणसाच्या पणतवंडांपर्यंत पोचतं. मॉरिशससाठी खास सवलत झाली: मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तिथे गेल्या असताना सातव्या पिढीलाही ते देण्याचं जाहीर झालं. पुढच्या मार्चमध्ये पंतप्रधान मोदींनी मॉरिशसचे राष्ट्राध्यक्ष धरम गोकूल यांच्या हाती असं कार्ड दिलं. ज्या देशाचा राष्ट्राध्यक्षच हे कार्ड बाळगतो तिथल्या शाळामास्तराला ते हवंसं वाटणारच. मात्र त्यासाठी सरांना पिढ्यान्‌पिढ्यांची साखळी जुळवावी लागत होती: जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, आणि सगळ्यांच्या शेवटी तो भुवईवरचा व्रण. त्या पोराला पासाअभावी कोठडीत टाकता यावं म्हणून केलेली नोंद, आणि पाचव्या पिढीला तिच्याच आधारावर भारताचं दार उघडणार. इंग्रजांच्या कारभाराबद्दल मला काडीचं प्रेम नाही, पण कागद जपायची त्यांची खोड या एका बाबतीत माणसांच्या कामी आली.

मोकातच शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. एप्रिल 2023 मध्ये त्याचं अनावरण देवेंद्र फडणवीसांनी केलं, तेव्हा ते उपमुख्यमंत्री होते. "तुमच्या नागपूरचे," सर म्हणाले. नागपूर माझ्या आधी सगळीकडे पोचलेलं होतं.

गणपती सरांच्या घरी, पश्चिमेकडे कास्काव्हेलला. मराठी लोकांची जुनी वस्ती. दीड दिवसाचा गणपती, आणि सरकारी सुट्टी असते ती विसर्जनाच्या दिवशी. पहिल्या संध्याकाळी अंगणात जाखडी झाली, मधे ढोलकीवाला आणि भोवती फेर धरून पुरुष, पायांत घुंगरू. ताईने मला ढोसलं, "हे आपल्याकडे असतं का गं?" आपल्याकडे म्हणजे विदर्भात, नाही. आम्ही दंडार पाहिलेली माणसं. कोकणातला नाच मी असा समोर बसून पहिल्यांदा पाहिला तो हिंदी महासागरात. गाण्यातले शब्द त्यांतल्या निम्म्या नाचणाऱ्यांना कळत नव्हते, आणि मालवणी हेल असल्याने मलाही सगळे कळत नव्हते. ठेका कुणाचाच चुकला नाही.

जेवण केळीच्या पानावर, सात भाज्या. मी नेलेली संत्रा बर्फी पानाच्या कोपऱ्यात मोदकाशेजारी वाढली गेली आणि चर्चा संत्र्यावरून शेतीवर आली. काटोलजवळ आमचा संत्र्याचा बगीचा आहे, बाबांनी लावलेला. ताईला वारशाने वाटा मिळाला, त्याला कायद्याची हरकत नाही. पण शेजारची दोन एकर पट्टी विकायला निघाली तेव्हा तिला ती घेता आली नाही. ओसीआयवाल्याला फ्लॅट घेता येतो, शेतजमीन विकत घेता येत नाही. मतही देता येत नाही. ताई हे सांगताना नेहमी जरा चिडते. सरांच्या वहिनींना नवल वाटलं. त्यांची मुलगी फ्रान्सला असते, तिच्याकडे दोन्ही पासपोर्ट आहेत, मॉरिशसला चालतं. "मग ती दोन्हीकडे मत देते?" मी विचारलं. देते म्हणे.

मग सरांनी पत्ता टाकला. मॉरिशसच्या घटनेप्रमाणे राष्ट्रकुलातल्या कुठल्याही देशाचा नागरिक दोन वर्षं तिथे राहिला तर मतदार होऊ शकतो. म्हणजे मी, नागपूरची पेन्शनर, उद्या कास्काव्हेलला बिऱ्हाड केलं तर मत देईन. ताईला तिथे नाही, कारण अमेरिका राष्ट्रकुलात नाही. काटोललाही नाही. ती पानावरून उठलीच. "मला न्यू जर्सीत आहे नं, बास झालं!"

माझं मत मी तेव्हाही सांगितलं आणि आताही लिहिते. मतदानाच्या बाबतीत मला आपला कायदा पटतो. काटोलच्या धरणातून पाणी सोडायचं की नाही, हे ज्याच्या नळाला पाणी येणार नाही त्याने ठरवावं. ताई माझी बहीण आहे, तिचा जीव त्या बगीच्यात आहे, पण दर पाच वर्षांनी चुकीचा माणूस निवडून आला तर भोगायला ती इथे नसते. दोन एकर शेताचं मात्र मला पटत नाही. जी बाई दर डिसेंबरात येऊन झाडांना चुना लावते तिला पट्टी विकत घेऊ न देण्यात कुणाचं भलं होतं, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. भाच्याला या वादात रस नव्हता. तो तोवर पुन्हा जाखडीच्या फेरात शिरला होता, चुकत माकत.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्लिक-आन-फ्लाकच्या किनाऱ्यावर विसर्जन. गाड्यांच्या टपांवरून गणपती आले, सजवलेल्या ट्रॉल्यांवरून आले, बांबूच्या मखरातून डोक्यावर आले. पोहणारे गोरे पर्यटक बाजूला झाले, काहींनी टॉवेल गुंडाळून हात जोडले. पोलीस होते, पण शिट्टी नाही, ढकलाढकल नाही, डीजे तर नाहीच. नागपूरच्या फुटाळ्यावरचं एकेकाळचं विसर्जन आठवून मी मनातल्या मनात खजील झाले. सरांनी धोतर वर खोचलं आणि मूर्ती घेऊन कमरेएवढ्या पाण्यात गेले. तिथूनच त्यांनी मला हाक मारून विचारलं, "मॅडम, रत्नागिरीला तुम्ही कधी जाता?"

मी त्यांना नकाशा समजावला. नागपूर ते रत्नागिरी म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडायचा. मी आयुष्यात तिथे गेलेली नाही. सरांना ते खरं वाटेना. त्यांच्या बेटाचं एक टोक ते दुसरं टोक दीड तासात होतं. तरी मी शब्द दिला. परत आल्यावर रत्नागिरीच्या एका जुन्या शिक्षक मित्राला कारकुनाने लिहिलेलं ते नाव कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की या उच्चाराची दोन गावं निघतात, एक राजापूर तालुक्यात, एक संगमेश्वरात, आणि दोन्हीकडे विचारूनही दीडशे वर्षांपूर्वी बोटीवर गेलेल्याची आठवण कुणाला असणं शक्य नाही. मी भीतभीतच सरांना फोन केला. ते म्हणाले, अर्जात गाव लागतच नाही, जिल्हा पुरतो. कार्ड मंजूर झालंय. ते शिमग्याला येणार आहेत, दोन्ही गावांना जाणार आहेत, आणि तिथून नागपूरला. मी त्यांना सांगितलं, शिमगा झाल्या झाल्या लगेच या, एप्रिल लागला तर आमच्याकडे माणूस भाजून निघतो. ताईचा नवा पासपोर्ट आला आहे, दहा वर्षांचा. तीही त्याच सुमारास येते म्हणाली, शेजारच्या पट्टीचा मालक माझ्या नावावर खरेदीखत करायला तयार आहे का ते विचारायला.